द्राक्षारसातील खडे आणि पाहणाऱ्याचे डोळे



द्राक्षारसाची बाटली थंड जागी बरेच दिवस राहिली म्हणजे कधी कधी तिच्या तळाशी अथवा बुचाच्या आतल्या अंगास बारीक चमकदार कण जमलेले आढळतात. पांढऱ्या द्राक्षारसात ते काचेच्या चुऱ्यासारखे दिसतात. तांबड्यात त्यांना रसाचाच रंग चढतो आणि माणकांची भुकटी सांडल्याचा भास होतो. नाताळासाठी आणून फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीत हे कण दिसले म्हणजे गृहिणीच्या मनात पहिली शंका येते ती फुटक्या काचेची आणि दुसरी भेसळीची. सॅक्रिस्टीची व्यवस्था पाहणाऱ्या मनुष्याच्या मनात तिसरीही एक शंका येते. मिस्सेचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न नासलेला असावा, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९२४ वे कलम सांगते. मग ज्या रसात खडे पडले तो नासला असे समजावयाचे काय?

उत्तर प्रथम देतो आणि मग त्या उत्तराच्या पोटात दडलेली मोठी गोष्ट सांगतो. हे खडे नासल्याचे चिन्ह नव्हेत. द्राक्षांत जात्याच असणारे टार्टरिक आम्ल आणि पोटॅशियम ह्यांच्या संयोगाने बनलेले ते एक क्षार आहे. ताज्या रसात ते विरघळलेले असते. रस आंबून त्यात मद्यार्क तयार झाला की त्याला विरघळून राहणे कठीण जाते, आणि थंडी पडली की अधिकच कठीण जाते. अशा वेळी ते खडा धरून तळाशी बसते. पाण्याचे उदाहरण घ्या. खोलीतल्या साधारण उष्णतेच्या १०० मिलिलिटर पाण्यात हे क्षार जेमतेम अर्धा ग्रॅम मावते. तेच पाणी उकळते असेल तर सुमारे सहा ग्रॅम सामावून घेते. म्हणूनच पुष्कळ कारखानदार द्राक्षारस बाटलीत भरण्यापूर्वी मुद्दाम गोठणबिंदूच्या आसपास थंड करून ठेवतात, म्हणजे खडे पडावयाचे ते तेथेच पडून जातात. ज्यांनी तसे केले नाही त्यांच्या बाटलीत ते पुढे दिसतात, इतकेच.

काच की क्षार हे ओळखण्याची रीतही ह्यातूनच निघते. कण बोटांनी चुरडून पाहू नयेत. काच असल्यास बोट कापेल. चार कण वाटीत घेऊन त्यांवर कढत पाणी ओतावे व ढवळावे. क्षार विरघळून जाईल. काच जशीच्या तशी तळाशी राहील, आणि मग ती बाटली कोणी तोंडास लावू नये.

जर्मन लोक ह्या खड्यांना ‘वाइनश्टाइन’ म्हणतात, म्हणजे द्राक्षारसाचा दगड. जुन्या लाकडी पिंपांच्या आतून त्याची जाड खपली धरत असे. ती खरवडून विकण्याचा एक धंदाच युरोपात होता. रंगारी, चांभार, औषधे बनविणारे आणि रोटी भाजणारे असे सारे तिचे गिऱ्हाईक. स्वीडनचा औषधविक्रेता कार्ल शेले ह्याने १७६९ साली ह्याच खपलीतून टार्टरिक आम्ल वेगळे काढले. आपणा मंडळींस हे आम्ल परके वाटावयास नको. आपल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यत्वे त्याचाच असतो. वेदीवरच्या पितळी समया व मेणबत्तीदाने सणाच्या आदल्या दिवशी चिंचेने घासून लख्ख करतात, तेव्हा पितळेवरचा काळा थर ज्या द्रव्याने सुटतो, तेच द्रव्य फ्रान्समधील तळघरात पिंपाच्या भिंतीवर खडा धरून बसते.

आता ह्या खड्यांचे चित्र कसे घेतात ते पाहू.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली द्राक्षारसाचे स्फटिक पाहण्याची हौस नवी नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत अंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा एक कापडव्यापारी होऊन गेला. महाविद्यालयाची पायरी त्याने चढली नव्हती. पण स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून त्याने जे पाहिले ते त्यापूर्वी कोणीही पाहिले नव्हते. १६७९ साली त्याच्या नगरीने त्याला द्राक्षारसाची पिंपे मोजणारा अधिकारी नेमले. हाताशी आलेल्या रसाचे थेंब हा मनुष्य भिंगाखाली न घालील तरच नवल! निरनिराळे द्राक्षारस आणि शिरका ह्यांत दिसलेल्या क्षारांच्या आकृत्या त्याने काढून घेतल्या, आणि १६८५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे त्याविषयीचे पत्र छापले. त्या काळी छायाचित्र नव्हते. डोळ्याने पाहावयाचे आणि हाताने रेखाटावयाचे, एवढाच मार्ग होता.

परंतु नुसत्या भिंगाखाली हे स्फटिक पाहिले तर ते पाण्यासारखे रंगहीन दिसतात. आज पुस्तकांतून व प्रदर्शनांतून त्यांची जी निळी, जांभळी, केशरी, मोराच्या पिसाऱ्यासारखी चित्रे आढळतात, त्यांतला रंग येतो कोठून? तो रंग कोणी भरलेला नसतो. तो प्रकाशाने काढलेला असतो. ते कसे, हे थोडे सावकाश समजून घ्यावे.

प्रकाश ही एक लहर आहे. साधा प्रकाश पुढे जाताना वर-खाली, आडवा, तिरपा असा सर्व दिशांनी कंप पावत जातो. अंगणातल्या खांबाला दोर बांधून त्याचे दुसरे टोक खिडकीच्या उभ्या गजांमधून हाती धरले आहे अशी कल्पना करा. दोर वर-खाली हलविला तर त्याची लाट गजांतून पलीकडे जाईल. आडवा हलविला तर गज तिला अडवतील. काही पदार्थ प्रकाशाच्या बाबतीत असेच गजांचे काम करतात व एकाच दिशेचा कंप पलीकडे जाऊ देतात. अशा प्रकाशास ध्रुवीभूत प्रकाश म्हणतात. आता त्यापुढे दुसरी खिडकी ठेवली आणि तिचे गज आडवे असले, तर पहिल्या खिडकीतून सुटलेली लाट दुसरीत अडकेल आणि पलीकडे अंधार होईल.

सूक्ष्मदर्शकात हेच करतात. एक गाळणी स्फटिकाच्या खाली, दुसरी वर. वरची हळूहळू फिरवीत गेले म्हणजे एका जागी सारे क्षेत्र काळेकुट्ट होते. ह्या दोन गाळण्यांच्या मध्ये मिठाचा खडा ठेवला तर अंधार कायम राहतो. कारण मिठाच्या स्फटिकाची घडण तिन्ही दिशांनी सारखी, त्यामुळे आत शिरलेल्या किरणात फरक पडत नाही. परंतु खडीसाखरेचा कण अथवा द्राक्षारसाचा खडा तेथे ठेवला, तर त्या काळ्या क्षेत्रात तो दिव्यासारखा उजळून उठतो. ह्या स्फटिकांची घडण निरनिराळ्या दिशांनी निराळी असते. आत शिरलेल्या किरणाचे ते दोन किरण करतात. एक पुढे जातो, दुसरा किंचित मागे रेंगाळतो. वरच्या गाळणीत दोघांची पुन्हा गाठ पडते, तेव्हा त्या अंतरामुळे पांढऱ्या प्रकाशातले काही रंग परस्परांस खोडून टाकतात आणि उरलेले आपणांस दिसतात. पावसाच्या डबक्यावर सांडलेल्या तेलाचे रंग काहीसे असेच उमटतात. म्हणून एकच स्फटिक पातळ भागात करडा-पांढरा, त्याहून जाड भागात पिवळा, तांबडा, मग निळा दिसतो. रंग हे त्याच्या जाडीचे आणि घडणीचे जणू लेखी प्रमाणपत्रच असते.

ह्या गाळण्या एके काळी फार दुर्मिळ होत्या. १८२८ साली एडिंबरोच्या विल्यम निकोल ह्याने आइसलंडमधील एका पारदर्शक खनिजाचे तुकडे जोडून पहिली चांगली गाळणी केली. पुढे विल्यम हेरपाथ नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली कोयनेल आणि आयोडीन ह्यांपासून बनलेले बारीक स्फटिक प्रकाश असाच गाळतात असे दाखवून दिले. त्याच स्फटिकांचा पातळ पडदा करण्याची युक्ती अमेरिकेच्या एडविन लँड ह्याने १९२९ च्या सुमारास काढली. आपल्या आजोबांनी हिवतापावर घेतलेले कडू कोयनेल आणि हा पडदा ह्यांचे असे नाते आहे. आज प्रकाश गाळणारा पडदा इतका स्वस्त झाला आहे की आकडेमोडीच्या लहान यंत्रापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत तो सर्वत्र असतो.

म्हणून गावातील शाळेतसुद्धा हा प्रयोग करता येईल. शाळेचे साधे सूक्ष्मदर्शक यंत्र, ध्रुवीकरण करणाऱ्या पडद्याचे दोन तुकडे आणि मोबाइल फोनचा कॅमेरा एवढे साहित्य पुरे. भिंग मोठ्या शक्तीचे नको. चाळीस पट मोठे दाखविणारे चालते. द्राक्षारस मात्र एक थेंबच लागतो, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. विज्ञानाच्या नावाखाली कोणी पेला भरून घेऊ नये. थेंब स्वच्छ काचपट्टीवर घ्यावा, धूळ बसू नये म्हणून वर वाटी पालथी घालावी आणि वाट पाहावी. आपल्याकडे सणाला आणतात तसला गोड पोर्ट असेल तर तो वाळता वाळत नाही. साखरेमुळे त्याचा चिकट पाक होऊन बसतो. त्यापेक्षा बाटलीच्या तळचे खडेच कढत पाण्यात विरघळवून त्या पाण्याचा थेंब घेणे सोपे. तो झपाट्याने वाळविला तर स्फटिक बारीक, एकमेकांत घुसलेले, ओळख न पटणारे होतात. सावकाश वाळू दिला तर एक एक स्फटिक आपल्या कडा नीट राखून वाढतो. खडीसाखर करणाऱ्यास आणि मिठागरावर राबणाऱ्यास हे सांगावयास नको. घाई केली की दाणा बारीक पडतो.

मग फोनचे भिंग यंत्राच्या डोळ्याशी स्थिर धरावे आणि चित्र घ्यावे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्य विद्यापीठात मायकेल डेव्हिडसन नावाच्या शास्त्रज्ञाने नाना पेयांचे थेंब असेच वाळवून त्यांची चित्रे घेतली, आणि ती इतकी मनोहर निघाली की लोकांच्या गळ्यातल्या नेकटायांवर छापली गेली. ह्यात काही वावगे नाही. देखणी वस्तू पाहून आनंद व्हावा हे माणसाच्या स्वभावातच आहे. परंतु पाहणे येथेच थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे मला प्रयोजन नव्हते. ह्याच खड्यांकडे एका तरुणाने निराळ्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्यामुळे मनुष्यजातीच्या ज्ञानात मोठी भर पडली. ती हकिकत अशी.

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात तान नावाच्या गावी केस्टनेर ह्यांचा टार्टरिक आम्लाचा कारखाना होता. तेथे १८२० च्या सुमारास नेहमीच्या आम्लाबरोबर एक दुसरे, त्याच्यासारखेच पण किंचित निराळे आम्ल सापडले. त्याला ‘रासेमिक’ हे नाव पडले. लॅटिनमध्ये रासेमुस म्हणजे द्राक्षांचा घोस. दोन्ही आम्लांत तीच मूलद्रव्ये, त्याच प्रमाणात. जर्मनीच्या मिट्शेरलिख ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली असे कळविले की दोहोंची सोडियम-अमोनियम क्षारे सर्व बाबतींत एकच आहेत. फरक इतकाच की पहिल्याच्या द्रावणातून ध्रुवीभूत प्रकाश सोडला असता त्याची दिशा उजवीकडे वळते, दुसऱ्याच्या द्रावणात मुळीच वळत नाही.

दोन वस्तू सर्वस्वी सारख्या असून त्यांची वागणूक निराळी, हे कसे? हा प्रश्न लुई पाश्चर ह्या तरुणाच्या मनात घर करून राहिला. त्याचा जन्म १८२२ चा, बाप चामडी कमावणारा, आणि बालपण गेले आर्बुआ ह्या द्राक्षमळ्यांच्या गावी. १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पॅरिसच्या एकोल नोर्माल ह्या विद्यालयातील प्रयोगशाळेत त्याने रासेमिक क्षाराचे स्फटिक सावकाश वाढविले आणि ते भिंगाखाली एक एक करून न्याहाळण्यास आरंभ केला. नेहमीच्या क्षाराच्या स्फटिकास एका बाजूला एक लहानशी तिरपी पैलू असते हे त्याला ठाऊक होते. रासेमिक स्फटिकास ती नसेल, असा त्याचा कयास होता. पाहतो तो तिथेही ती होतीच! क्षणभर त्याचा जीव खट्टू झाला. दुसरा कोणी असता तर तेथेच उठला असता. पाश्चरने पुन्हा पाहिले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की काही स्फटिकांवर ती पैलू उजवीकडे कललेली आहे आणि काहींवर डावीकडे. प्रार्थनेसाठी जोडलेले आपले दोन तळहात पाहा. बोटे तितकीच, लांबी तीच, एकमेकांवर नेमके जुळतात; पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात जात नाही. हे स्फटिक तसे होते. एक जणू दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब.

त्याने ते हाताने निवडले. तांदळातले खडे निवडावेत तसे, उजवे एका बाजूला, डावे दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढिगांचे वेगळे द्रावण केले. एकाने प्रकाश उजवीकडे वळविला, दुसऱ्याने डावीकडे. दोन्ही सारख्या वजनाने मिसळताच प्रकाश वळेनासा झाला. कोडे सुटले होते. उजव्याची ओढ आणि डाव्याची ओढ परस्परांस फेडून टाकीत होती. आनंदाच्या भरात पाश्चर प्रयोगशाळेबाहेर धावला आणि वाटेत भेटलेल्या एका सहकाऱ्यास त्याने मिठी मारली, असे सांगतात.

ह्या शोधास हवेनेही हातभार लावला. हे क्षार सुमारे २७ अंशांपेक्षा थंड हवेत स्फटिक धरील तरच उजवे आणि डावे वेगळे पडतात. त्याहून उष्ण हवेत दोन्ही एकाच स्फटिकात गुंतून बसतात आणि निवडावयास काही उरत नाही. हैदराबादेत अथवा बडोद्यास वैशाखात हाच प्रयोग मांडला असता तर पाश्चरला डोळे फुटेपर्यंत पाहूनही काही दिसले नसते.

आता ह्या हकिकतीचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगतो. ह्या वार्तेवर सहजासहजी विश्वास न ठेवणारा एक वृद्ध पॅरिसमध्ये होता. त्याचे नाव जाँ-बाप्तिस्त बियो. वय चौऱ्याहत्तर. द्रव पदार्थ प्रकाशाची दिशा वळवितात हा शोध त्याने स्वतः १८१५ साली लावला होता आणि हयात त्यातच घालविली होती. त्याने पाश्चरला बोलावून घेतले, परंतु त्याच्या शब्दावर विसंबला नाही. रासेमिक आम्ल त्याने स्वतःच्या कपाटातून, आधी स्वतः तपासून दिले. सोडा आणि अमोनियाही त्याचेच. पाश्चरने त्याच्या देखत मिश्रण केले. ते बियोने आपल्याच खोलीत ठेवून घेतले आणि स्फटिक पुरेसे जमल्यावर त्याला पुन्हा बोलावले. आपल्या डोळ्यांसमोर त्याला निवड करावयास लावली. ह्यातले कोणते प्रकाश डावीकडे वळवतील असे तुझे म्हणणे आहे, हे आधी वदवून घेतले. मग द्रावण करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. ते यंत्रात ठेवून त्यातून नजर टाकताच प्रकाश स्पष्टपणे डावीकडे वळलेला दिसला. म्हातारा भारावून गेला. त्याने त्या तरुणाचा हात धरला आणि आपण जन्मभर विज्ञानावर इतके प्रेम केले आहे की हे पाहून काळीज धडधडू लागले, अशा अर्थाचे उद्गार काढले. तेव्हापासून तो पाश्चरचा पितृतुल्य कैवारी झाला.

ह्या शोधाची फळे फार दूरवर पसरली. १८७४ साली फान्ट होफ आणि ले बेल ह्या दोघांनी, एकमेकांस न विचारता, अशी उपपत्ती मांडली की कार्बनाच्या अणूभोवती चार वस्तू चार कोपऱ्यांत बसलेल्या असतात, आणि त्या चारही निराळ्या असल्या की त्यांची उजवी व डावी अशी दोन प्रकारची मांडणी होऊ शकते. १९५१ साली हॉलंडमधील बायफूट व त्यांचे सहकारी ह्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हे प्रत्यक्ष सिद्ध केले. त्यांनी तपासावयास घेतलेला स्फटिकही टार्टरिक आम्लाच्याच एका क्षाराचा होता. आपले शरीर हा भेद नित्य ओळखते. कार्व्होन नावाचे एक सुगंधी द्रव्य आहे. त्याच्या एका रूपाचा वास स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा. आरशातल्या रूपाचा वास मात्र बाळंतशेपेच्या अंगाचा. रसायन एकच, मांडणी उलटी, आणि नाकाला त्यांतला फरक कळतो! औषधांच्या बाबतीत तर ह्या उजव्या-डाव्याकडे दुर्लक्ष करून चालतच नाही. पाश्चर स्वतः पुढे १८६३ नंतर द्राक्षारस नासतो का ह्याच्या शोधात पडला आणि तो मंद उष्णतेने टिकविण्याची रीत त्याने घालून दिली. आज दुधाच्या पिशवीवर छापलेला ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्याची आठवण आहे.

वाचकहो, इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण आता सांगतो.

आपल्या घरांतून आता मोबाइल फोन आले आहेत आणि त्यांवरून सुंदर स्फटिकांची चित्रे घरोघर फिरतात. जपानमधील मासारू इमोटो नावाच्या लेखकाने १९९९ साली एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पाण्यापुढे प्रेमाचे शब्द उच्चारले, प्रार्थना म्हटली, मधुर संगीत वाजविले तर गोठलेल्या पाण्याचे स्फटिक सुबक होतात. शिव्या दिल्या तर ओबडधोबड होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. हे लेखक २०१४ साली वारले, परंतु त्यांची चित्रे अजून फिरतात. भाविक माणसास ती पाहून गहिवर येतो. कॅटेकिझमच्या वर्गात ती दाखवावीत असा मोह होतो. एका थेंबाने प्रार्थनेचे सामर्थ्य सिद्ध होत असेल तर आणखी काय हवे?

असा मोह झाल्यास बियोची आठवण करावी. एकाच पाण्याच्या अनेक नमुन्यांत नाना प्रकारचे स्फटिक निघतात. काही देखणे, काही विद्रूप. त्यांतून कोणता छापावयाचा हे चित्र घेणारा ठरवितो. कोणत्या पाण्यावर प्रार्थना झाली हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर त्याचा हात नकळत देखण्याकडे जाणार. हिमाच्या स्फटिकाचा आकार कशाने ठरतो, हे ह्याच जपानमधील उकिचिरो नाकाया ह्या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखविले आहे. तो ठरतो हवेतील उष्णतामान आणि दमटपणा ह्यांवरून. पाश्चरनेही निवड केली आणि ह्या मंडळींनीही केली. फरक असा की पाश्चरने ढिगातला प्रत्येक स्फटिक मोजणीत धरला, प्रतिकूल दिसलेली गोष्ट लपविली नाही, आणि शंका घेणाऱ्या वृद्धाच्या खोलीत, त्याच्या रसायनांनी, त्याच्या डोळ्यांदेखत आपले म्हणणे कसास लावू दिले. जे चित्र अशा खोलीत जाण्यास कचरते ते शोभेचे चित्र होय. त्याला पुरावा म्हणू नये.

कोणी म्हणेल, फादर, चित्र खोटे असले तरी त्याने भक्ती वाढत असेल तर बिघडले कोठे? बिघडते ते येथे. जो मुलगा आज अशा चित्राच्या आधारावर प्रार्थना करू लागतो, तो उद्या महाविद्यालयात जाऊन त्या चित्राचे खरे स्वरूप जाणतो. मग चित्राबरोबर तो प्रार्थनाही टाकून देतो. कारण आपणच त्याला दोन्ही एका दोरीने बांधून दिली होती. प्रार्थना ही ईश्वरापुढे मन मोकळे करण्याची गोष्ट आहे. तिचे सामर्थ्य पाण्याच्या थेंबावर मोजावे लागावे इतकी ती दुबळी नाही. प्रभूने कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला तो यजमानाची लाज राखण्यासाठी. जमलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांस तो कोठून आला हेही कळले नव्हते. आणि मिस्सेच्या वेळी वेदीवर जे घडते ते कोणत्याही भिंगाखाली दिसणारे नाही, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. श्रद्धेचे पाहणे निराळे आणि भिंगाचे पाहणे निराळे. एकाला दुसऱ्याची चाकरी करावयास लावले तर दोन्ही बिघडतात. भिंगाखाली जे आहे ते प्रामाणिकपणे पाहावे. ते निर्मात्याचेच असल्यामुळे त्यात भिण्यासारखे काही नाही.

म्हणून आई-बापांस माझे सांगणे असे. आपल्या मुलाने अथवा मुलीने फोनवर आलेले एखादे अद्भुत चित्र दाखविले तर त्याला दटावून गप्प करू नये, आणि माना डोलावून ते पुढेही धाडू नये. तीन प्रश्न विचारण्याची त्याला सवय लावावी. हे चित्र कोणी, कसे घेतले? जी चित्रे दाखविली नाहीत ती कशी होती? आणि शंका घेणाऱ्या माणसाने ते पुन्हा करून पाहिले काय? ज्या घरी हे तीन प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात, तेथील मुले फसविली जाणार नाहीत आणि फसवावयासही शिकणार नाहीत.

आणि शक्य असेल तर त्याला स्वतः पाहावयास लावावे. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र कपाटात धूळ खात पडले आहे तेथील शिक्षकांनी ते बाहेर काढावे. पहिला कण मिठाचा ठेवावा, दुसरा खडीसाखरेचा, तिसरा बाटलीच्या तळच्या खड्याचा. मीठ अंधारातच राहील, इतर दोन रंगांनी पेटून उठतील, आणि असे का, हा प्रश्न मुलांच्या तोंडून आपोआप निघेल. उत्तर सांगण्याची घाई करू नये. स्फटिकाप्रमाणे समजही सावकाश धरली म्हणजे तिच्या कडा स्वच्छ राहतात.